शिक्षा रद्द झाली म्हणजे नेमकं काय झालं? जुने लैंगिक गुन्हे, अपिलं आणि फेरखटले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘शिक्षा रद्द’ एवढा मथळा वाचून निम्मे लोक म्हणतात, ‘म्हणजे ती खोटं बोलत होती’. उरलेले म्हणतात, ‘पैसा चालला’. निकालपत्रात बहुतेक वेळा यांतलं काहीच नसतं. शिक्षा कोणत्या कारणानं रद्द झाली ते आधी पाहावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

‘जुना गुन्हा’ कशाला म्हणतात?

घटना आणि तक्रार यांच्यात बरीच वर्षं गेलेली असतील तर. कायद्यात याची वेगळी व्याख्या नाही. अशा प्रकरणांत वैद्यकीय पुरावा बहुधा नसतो, कपडे नसतात, जागा बदललेली असते, काही साक्षीदार वारलेले असतात. खटला मुख्यतः एका माणसाच्या शब्दावर आणि त्या शब्दाला आजूबाजूनं मिळणाऱ्या आधारावर उभा राहतो. अपिलात भांडण होतं ते याच आधारावरून.

शिक्षा रद्द झाली म्हणजे आरोपी निर्दोष ठरला का?

प्रत्येक वेळी नाही. वरच्या न्यायालयापुढे ढोबळमानानं तीन वाटा असतात. पहिली : पुरावाच अपुरा आहे, म्हणून निर्दोष मुक्तता. तिथे प्रकरण संपतं. दुसरी : पुराव्याचं काय ते नंतर पाहू, पण खटला चालवण्याची पद्धत चुकली, म्हणून फेरखटला. इथे आरोपी निर्दोषही नसतो आणि दोषीही नसतो. तो पुन्हा आरोपीच्या जागी येऊन बसतो. तिसरी, फार क्वचित दिसणारी : हा खटला मुळात भरायलाच नको होता, म्हणून शिक्षाही रद्द आणि फेरखटलाही नाही.

गेल्या काही वर्षांत जगभर गाजलेली तीन प्रकरणं नेमकी या तीन वाटांची आहेत. ऑस्ट्रेलियाचे कार्डिनल (कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू) जॉर्ज पेल पहिल्या वाटेनं गेले, हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन दुसऱ्या आणि अमेरिकी विनोदी अभिनेता बिल कॉस्बी तिसऱ्या. तिघांना एकाच माळेत ओवणारे लेख म्हणूनच दिशाभूल करतात.

हार्वी वाइनस्टीनची न्यूयॉर्कमधली शिक्षा का रद्द झाली?

फेब्रुवारी २०२० मध्ये मॅनहॅटनच्या ज्युरीनं (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं) त्याला दोन आरोपांत दोषी धरलं. एक घटना २००६ ची, दुसरी २०१३ ची. सर्वांत गंभीर आरोपांतून त्याच ज्युरीनं त्याला सोडलंही होतं. मार्चमध्ये २३ वर्षांची शिक्षा झाली. मधल्या अपील न्यायालयानं २०२२ मध्ये ती कायम ठेवली. २५ एप्रिल २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं (तिथे त्याला ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात) ती ४ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली आणि फेरखटल्याचा आदेश दिला.

कारणं दोन. पहिलं असं की, सरकारी पक्षानं आणखी तीन स्त्रियांना साक्षीला आणलं होतं. त्यांच्याबाबतच्या घटनांचा आरोपपत्रात समावेश नव्हता. ‘हा माणूस असंच वागतो’ एवढंच सिद्ध करण्यासाठी असा पुरावा आणायला न्यूयॉर्कच्या कायद्यात मनाई आहे. हा नियम १९०१ च्या मोलिन्यू खटल्यातून आला. तो विषप्रयोगाच्या खुनाचा खटला होता. आधीच्या एका संशयास्पद मृत्यूचा पुरावा ज्युरीपुढे आला, म्हणून मोलिन्यूची शिक्षा रद्द झाली आणि फेरखटल्यात तो सुटला. त्या नियमाला अपवाद आहेत. हेतू, कट, ओळख किंवा ‘चूक झाली’ हा बचाव खोडणं, यांसाठी असा पुरावा चालतो. या प्रकरणात त्यातला एकही अपवाद लागू होत नाही, असं बहुमतानं ठरवलं.

दुसरं कारण कमी चर्चेत आलं. वाइनस्टीन स्वतः साक्षीला उभा राहिला असता, तर त्याला शिवीगाळ, वस्तू फेकणं अशा असंख्य जुन्या वागणुकीवर प्रश्न विचारायची परवानगी खालच्या न्यायाधीशांनी आधीच देऊन ठेवली होती. त्यामुळे त्याची साक्ष देण्याची वाटच बंद झाली, असं बहुमतानं म्हटलं.

तीन न्यायाधीशांचं अल्पमत तितक्याच ठामपणे उलट होतं : ओळखीच्या माणसाकडून, सत्तेच्या जोरावर होणाऱ्या अत्याचारात संमतीचा प्रश्न समजून घ्यायला अशी साक्ष लागतेच. आमच्या मते अल्पमताचा हा मुद्दा आजही जिवंत आहे. पण त्या तीन स्त्रिया खोटं बोलल्या, असं बहुमतानंही कुठे म्हटलेलं नाही. त्यांची साक्ष या खटल्यात नको होती, एवढंच म्हटलं आहे.

मग तो तुरुंगातून सुटला का?

नाही. लॉस एंजेलिसमधल्या वेगळ्या खटल्यात डिसेंबर २०२२ मध्ये तो दोषी ठरला होता आणि २०२३ मध्ये त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली होती. न्यूयॉर्कच्या निकालानं तिला हात लागला नाही.

फेरखटल्यात काय घडलं?

सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या तक्रारदाराचा, तोही २००६ मधल्या घटनेचा, नवा आरोप जोडला गेला. एप्रिल २०२५ मध्ये खटला सुरू झाला. पहिल्या वेळच्या त्या तीन साक्षीदार या वेळी नव्हत्या. ११ जूनला निकाल आला : २००६ च्या जुन्या आरोपात दोषी, नव्या आरोपात निर्दोष. २०१३ च्या बलात्काराच्या आरोपावर निकालच लागला नाही. ज्युरीच्या प्रमुखानं, सहकाऱ्यांकडून आपल्याला धमकावलं जातंय असं सांगत, चर्चेच्या खोलीत परत जायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांना तेवढ्या आरोपापुरता खटला निष्फळ जाहीर करावा लागला.

म्हणजे एकाच खटल्यातले तीन आरोप तीन दिशांना गेले. २०१३ च्या घटनेतल्या तक्रारदार स्त्रीनं तोवर दोन ज्युरींपुढे साक्ष दिली होती. पहिल्या ज्युरीनं तिच्यावर विश्वास ठेवला आणि दुसरी निर्णयापर्यंत पोचलीच नाही. ‘फेरखटला’ हा शब्द किती जड आहे, ते इथे दिसतं.

कार्डिनल पेल यांना फेरखटला का झाला नाही?

कारण तिथे पद्धतीची चूक नव्हती, प्रश्न पुराव्याचाच होता. मेलबर्नच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये १९९६-९७ मध्ये दोन मुलांवर अत्याचार केल्याचा आरोप होता. २०१८ च्या पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या ज्युरीनं डिसेंबरमध्ये पाच आरोपांत दोषी धरलं. सहा वर्षांची शिक्षा झाली. व्हिक्टोरिया राज्याच्या अपील न्यायालयानं ती २ विरुद्ध १ नं कायम ठेवली. ७ एप्रिल २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं (ते तिथलं सर्वोच्च न्यायालय) ७ विरुद्ध ० नं निर्दोष मुक्तता केली.

मुद्दा, अत्याचार झाल्याचं सांगितलेल्या पाच-सहा मिनिटांचा होता. प्रार्थना संपल्यावर पेल दारातल्या पायऱ्यांवर लोकांना भेटत, झगे घातलेले असताना ते एकटे नसत आणि त्या वेळी झगे ठेवण्याच्या खोलीत माणसांची सारखी ये-जा असे, अशी साक्ष चर्चमधल्या अनेकांनी दिली होती. ती सरकारी पक्षानं खोडून काढली नव्हती. तक्रारदाराची साक्ष विश्वासार्ह आहे असं मानलं, तरी या दुसऱ्या साक्षींमुळे वाजवी संशय उरतो आणि कोणत्याही ज्युरीनं तो विचारात घ्यायलाच हवा होता, असं हायकोर्टानं ठरवलं. पुरावाच पुरत नाही म्हटल्यावर फेरखटला कशासाठी?

आणि बिल कॉस्बी?

२००४ ची घटना, २००५ ची तक्रार. तेव्हाच्या जिल्हा सरकारी वकिलानं खटला न भरण्याचा निर्णय जाहीर केला. त्या भरवशावर कॉस्बीनं दिवाणी दाव्यात शपथेवर जबाब दिला. खटल्याची टांगती तलवार असती तर गप्प राहण्याचा हक्क त्याला होता. पुढे दुसऱ्या सरकारी वकिलानं बारा वर्षांची मुदत संपता संपता, डिसेंबर २०१५ मध्ये, आरोप ठेवले आणि तोच जबाब पुरावा म्हणून वापरला. २०१७ मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही, २०१८ मध्ये तो दोषी ठरला. ३० जून २०२१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द करून फेरखटल्यालाही मनाई केली : सरकारनं शब्द दिला, समोरच्यानं त्यावर विसंबून हक्क सोडला, आता सरकारला फिरता येणार नाही. घटना घडली की नाही, यावर त्या निकालाचा आधार नव्हताच.

भारतात फेरखटला केव्हा होतो?

फार क्वचित. अपील न्यायालयाला हा अधिकार आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४२७. पण तो कधी वापरायचा हे सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्येच उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगून ठेवलं. धुळ्याकडचं दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण ते, पण फेरखटल्याचा विषय निघाला की वकील आजही तिथूनच सुरुवात करतात. फेरखटला म्हणजे पाटी पुसणं. आरोपीला पुन्हा त्याच यातनेतून जावं लागतं आणि सरकारी पक्षाला आपली भोकं बुजवायची संधी मिळते. म्हणून खालच्या न्यायालयाला अधिकारच नव्हता, कामकाजात इतकी गंभीर चूक झाली की तो खरा खटलाच नव्हता, किंवा सरकारी पक्षाला त्याच्या हाताबाहेरच्या कारणानं महत्त्वाचा पुरावा देताच आला नाही, अशा वेळीच तो द्यायचा.

प्रत्यक्षात दिसणारी कारणं : आरोपीला वकीलच मिळाला नाही आणि उलटतपासणी न होताच साक्षी संपल्या, दोषारोपच चुकीचा ठेवला आणि त्यामुळे बचावाचं नुकसान झालं, साक्षीदारांवर दहशत होती. तिसऱ्या कारणाचं ठळक उदाहरण लैंगिक गुन्ह्याचं नाही, बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाचं आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात नव्यानं चालवायला सांगितला.

एखाददुसरा साक्षीदार किंवा अहवालच राहिला असेल, तर फेरखटला मागू नका. अपील न्यायालय अतिरिक्त पुरावा घेऊ शकतं (कलम ४३२). पूर्वी न झालेली एक साक्ष घेणं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं, यात काही वर्षांचा फरक पडतो.

आणि ज्युरी आपल्याकडे १९७३ च्या संहितेनंतर उरलेली नाही. न्यायाधीश कारणं लिहून निकाल देतात. त्यामुळे उच्च न्यायालय पुरावा स्वतः पुन्हा तपासून निर्णय देऊ शकतं, आणि बहुतेक वेळा तेच करतं.

म्हणजे मथुरा प्रकरणात फेरखटला झालाच नव्हता?

नाही, आणि हा गैरसमज महाराष्ट्रातच जास्त आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार होती. १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, कारण भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. एकही नवा साक्षीदार आला नाही. तोच कागद तीन न्यायालयांनी तीन वेळा वाचला.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं. तो निकाल बदलला नाही, पण १९८३ मध्ये कायदा बदलला : पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय संमती नव्हती असंच गृहीत धरेल. बंद दाराआड सुनावणी आणि नाव छापायला बंदी हेही तेव्हाच आलं.

भारतात इतर स्त्रियांची साक्ष चालते का?

आरोपीचं वाईट चारित्र्य त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, जोवर तो स्वतः चांगल्या चारित्र्याचा पुरावा देत नाही (जुनं कलम ५४, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ४९). हेतू किंवा एकाच पद्धतीची मालिका दाखवायची असेल तर मर्यादित वाट आहे. म्हणून अनेक तक्रारदार असतील तर प्रत्येकीची स्वतंत्र एफआयआर होणं महत्त्वाचं. दुसरीच्या खटल्यात नुसती साक्षीदार म्हणून उभं राहणं कायद्यानं फार तकलादू ठरतं.

फेरखटल्यात तक्रारदाराला पुन्हा सगळं सांगावं लागतं का?

हो. जुनी साक्ष आपोआप पुढे येत नाही. पण ती नाहीशीही होत नाही. ती उलटतपासणीत परत येते.

बचावाचे वकील जुन्या साक्षीचं पान काढतात. ‘परिच्छेद चारमध्ये तुम्ही “दुपारी” म्हणालात. आज “दिवेलागणीला” म्हणताय. आधीचं वाचून दाखवतो, हे तुम्ही सांगितलं होतं का?’ हो म्हटलं तर विसंगती नोंदवली जाते. नाही म्हटलं तर तेवढ्या मजकुराला ‘भाग अ’ अशी खूण करून पुढे तो सिद्ध केला जातो. मजकूर दाखवल्याशिवाय विसंगतीचा वापर करता येत नाही, हा नियम आहे. म्हणून ‘मला तो भाग वाचायला द्या’ असं म्हणण्याचा साक्षीदाराला पूर्ण हक्क आहे आणि तो वापरावा. पंचवीस वर्षांपूर्वीची वेळ आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेच उत्तर. अंदाजानं वेळ सांगितली की ती पुढच्या तारखेला गळ्यात पडते.

आणखी एक अडचण भाषेची. साक्ष मराठीत होते, अपिलाच्या पेपरबुकात (न्यायालयापुढे ठेवायच्या कागदपत्रांच्या संचात) इंग्रजी भाषांतर जातं. ‘अंगचटीला आला’ याचं भाषांतर नुसतं ‘जवळ आला’ असं उतरलं, तर उच्च न्यायालय तेच वाचतं. पेपरबुक तयार झालं की मूळ मराठीशी ताडून पाहायला आपल्या वकिलांना आवर्जून सांगा. चूक सापडली तर ती सुनावणीआधी निदर्शनाला आणता येते.

महत्त्वाचा साक्षीदार दरम्यान वारला तर?

त्याची पहिल्या खटल्यातली साक्ष वाचता येते (पुराव्याच्या कायद्याचं जुनं कलम ३३, आता २७). अट अशी की तेव्हा आरोपीला उलटतपासणीचा हक्क आणि संधी मिळालेली असली पाहिजे. इथेच पेच येतो. आरोपीला वकील नव्हता म्हणून फेरखटला झाला असेल, तर नेमकी तीच संधी मिळालेली नसते आणि मेलेल्या माणसाची साक्ष हातची जाते.

अपील दाखल झालंय असं कळलं. तक्रारदारानं काय करायचं?

एफआयआर, कलम १६४ खाली दंडाधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब (नव्या संहितेत १८३), साक्षींच्या नोंदी, रोजनामा आणि निकाल यांच्या प्रमाणित नकलांसाठी नक्कल विभागात लगेच अर्ज करा. वर्षं गेली की दप्तर अभिलेख कक्षात जातं आणि शोधायला वेळ लागतो. मुद्देमालाचं काय झालं ते विचारा. अपिलाची मुदत संपल्यावर तो नष्ट करण्याचा आदेश मूळ निकालातच असू शकतो, आणि फेरखटल्याच्या वेळी ‘मुद्देमाल उपलब्ध नाही’ हे वाक्य ऐकावं लागतं.

सरकारी वकील राज्याची बाजू मांडतात. तुमचा स्वतःचा वकील त्यांना मदत करू शकतो. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आरोपी सुटला, किंवा कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडित व्यक्ती स्वतः अपील करू शकते. हा हक्क २००९ च्या अखेरीस आला (आता कलम ४१३). त्यासाठी उच्च न्यायालयाची वेगळी परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं.

घटना वीस वर्षांपूर्वीची आहे. आज तक्रार होईल का?

गुन्ह्याला तेव्हाच्या कायद्यात जास्तीत जास्त किती शिक्षा होती, यावर ते ठरतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर मुदत आहे, त्याहून जास्त असेल तर नाही. म्हणून बलात्काराला मुदत नाही. पण विनयभंगाला (भारतीय दंड संहितेचं कलम ३५४) ३ फेब्रुवारी २०१३ पूर्वी कमाल दोन वर्षांची शिक्षा होती, म्हणून त्याची मुदत तीन वर्षं. त्यानंतरच्या घटनेला कमाल पाच वर्षं, म्हणून मुदत नाही. न्यायहितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यावर विसंबून राहू नये.

घटनेच्या दिवशीचाच कायदा लागतो (राज्यघटनेचं कलम २०). पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा खास कायदा) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्याआधीच्या घटनेला नाही. तेव्हा संमतीचं वय सोळा होतं आणि बलात्काराची व्याख्या अरुंद होती. मुलग्यावरच्या अत्याचाराला मुख्यतः कलम ३७७ उरतं. एफआयआरमध्ये उत्साहानं पॉक्सोची कलमं घातली गेली की अपिलात ती गळून पडतात, आणि तेव्हा सगळंच प्रकरण लटपटतं. ठाण्यातच तारीख नीट बसवून घ्या. नक्की दिवस आठवत नसेल तर ‘मी सातवीत होते, गणपतीची सुट्टी होती’ असं सांगा. शाळेच्या दाखल्यावरून वर्ष काढता येतं.

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवायला बंदी आहे ना?

आहे, पण आधीचा निकाल कायम असेपर्यंत. अपिलात तो रद्द झाला की ती आडकाठी उरत नाही. पुनरीक्षणात (अपील नसताना खालचा निर्णय योग्य होता का, एवढंच तपासण्यात) मात्र उच्च न्यायालयाला निर्दोष सोडलेल्या माणसाला थेट दोषी ठरवता येत नाही; फार तर फेरखटला सांगता येतो.

निर्दोष ठरलेल्यानं भोगलेल्या वर्षांचं काय?

भारतात त्यासाठी ठरलेला कायदा नाही. विधी आयोगानं २०१८ च्या २७७ व्या अहवालात तो करण्याची शिफारस केली होती. तोवर रिट याचिका किंवा नुकसानभरपाईचा दावा एवढंच हाती आहे. इंग्लंडमध्ये अँड्र्यू माल्किन्सन यांनी न केलेल्या बलात्कारासाठी १७ वर्षं तुरुंगात काढली. २०२३ मध्ये डीएनएमुळे त्यांची शिक्षा रद्द झाली. त्या स्त्रीवर अत्याचार झाला होता, हे खरंच होतं. माणूस चुकीचा पकडला होता.

फेरखटला चालू असताना तक्रारदाराचं नाव लिहिलं तर?

शिक्षा रद्द झाली म्हणून नावावरची बंदी उठत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. नाव टाळून गाव, शाळा, नवऱ्याचा धंदा लिहिला आणि त्यावरून ओळख पटली, तरी गुन्हा तोच. व्हॉट्सअ‍ॅपवर निकालपत्राचं पान फिरवण्याआधी त्यात नाव राहिलं आहे का ते पाहा. खालच्या न्यायालयांच्या जुन्या निकालांत ते पुष्कळदा तसंच असतं.